चायनीज गाडीवरची पाटी : एक भाषिक टिपण

मराठी भाषेच्या अभ्यासाची साधने ग्रंथालयातच असतात, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. शिलालेख, ताम्रपट, महानुभावांच्या पोथ्या, बखरी ही साधने थोर आहेत यात शंका नाही. परंतु साक्रीत बसून ती हाताळायला मिळत नाहीत. साक्रीत संध्याकाळी हाताशी असते ती चायनीजच्या गाडीवरची पाटी. लाल रंगाचा पत्रा, त्यावर पिवळ्या रंगात काढलेला आणि मगरीशी जवळचे नाते असलेला एक ड्रॅगन, आणि त्याखाली दोन रकान्यांत पदार्थांची नावे व भाव. प्रस्तुत लेखात या पाटीकडे एक भाषिक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. विषय ऐकून मित्रमंडळी हसली. ‘लेखासाठी प्रात्यक्षिके किती झाली?’ असा प्रश्नही एकाने केला. प्रात्यक्षिके बरीच झाली. त्यांचा हिशेब येथे देत नाही.

या टिपणाला निमित्त झाले ते एक वाक्य. चायनीजचा विषय निघाला की कोणीतरी जाणकाराच्या सुरात म्हणतो, ‘हे काही खरे चायनीज नव्हे.’ हे वाक्य इतक्यांदा कानांवर पडले की, खरे म्हणजे काय आणि ते कोणी ठरवायचे, असा प्रश्न मनात घर करून राहिला.

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा महामार्ग साक्रीवरून जातो. या रस्त्याच्या आसपास आणि गावात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या पाट्या मी जशाच्या तशा वहीत उतरवून घेतल्या. एकाच शब्दाची लेखने पाहा : शेजवान, सेजवान, शेझवान. मंचुरियन, मंच्युरियन, मनचुरीयन. नुडल्स, न्युडल्स, नूडल. हक्का, हाक्का, हाका. शुद्धलेखनाच्या दृष्टीने यांतील निम्म्याहून अधिक शब्दांखाली लाल रेघ ओढावी लागेल. भाषेच्या अभ्यासकाला मात्र अशी रेघ ओढण्याची घाई करता येत नाही. ज्या पेंटरने पाटी रंगविली त्याच्यापुढे कोश नव्हता. त्याने जे ऐकले ते लिहिले. वर्गात आपण ध्वनिपरिवर्तनाची जी उदाहरणे पाठ करतो ती शेकडो वर्षांपूर्वी घडून गेलेली असतात. येथे ते परिवर्तन आपल्या डोळ्यांदेखत, ओल्या रंगात चालू आहे.

‘शेजवान’ हा शब्द तर स्वतंत्र टिपणाचा विषय आहे. मूळ नाव सिच्वान. चीनच्या नैर्ऋत्येकडील एका मोठ्या प्रांताचे. ते रोमन लिपीत गेले, भारतातील मेनूकार्डांवर त्या लेखनात आणखी एकदोन अक्षरे शिरली, आणि ती अक्षरे वाचून आपण ‘शेजवान’ म्हणू लागलो. म्हणजे हा शब्द आपल्याकडे प्रथम कानाने आला नाही, डोळ्यांनी आला. आणि मग एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर मात्र कानांनी गेला. चीनमधल्या माणसाला साक्रीत आणून ‘शेजवान’ ऐकविले, तर आपल्याच देशातल्या एका प्रांताचे हे नाव आहे हे त्याला सांगावे लागेल.

पण पाटीवरचा सर्वांत मोठ्या अक्षरांतला शब्द ‘चायनीज’ आहे. इंग्रजीत ते मुख्यतः विशेषण. मराठीत ते सरळ नाम झाले आणि नपुंसकलिंगी नाम झाले : ‘आज चायनीज खाऊ’, ‘त्याच्याकडचं चायनीज चांगलं असतं’. वास्तविक या देशाचे नाव आपल्याला नवे नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पहिल्या अंकाच्या शेवटी ‘चीनांशुक’ येते, म्हणजे चिनी रेशमी वस्त्र. चिनी माती, लोणच्याची चिनी बरणी हे शब्द आपल्या आज्यांच्या बोलण्यात होतेच. ‘चहा’ हा शब्दसुद्धा मुळात चीनमधलाच. मग ‘चिनी’ हे चांगले रुळलेले विशेषण हाताशी असताना नवा शब्द का घेतला गेला?

थोडे लक्ष देऊन ऐकले तर दोन शब्दांची वाटणी झालेली दिसते. माणूस चिनी, सैन्य चिनी, आक्रमण चिनी, स्वस्तातला आणि दोन दिवसांत बिघडणारा माल चिनी. खाणे मात्र चायनीज. ‘चला, चिनी खाऊ या’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘चायनीज आक्रमण’ असेही कोणी लिहीत नाही. मेनूकार्डे इंग्रजीत असत, हे याचे एक कारण आहेच. परंतु माझ्या मते तेवढेच कारण नाही. हे पदार्थ महाराष्ट्रातील सामान्य माणसापर्यंत पोहोचले ते १९६२ नंतर. त्या वेळेपर्यंत ‘चिनी’ हा शब्द युद्धात सापडलेला होता. ज्याला नावे ठेवायची त्याच्यासाठी एक शब्द, आणि जे आवडीने खायचे त्याच्यासाठी दुसरा, अशी सोय भाषेने करून दिली. भाषा अशा सोयी गुपचूप करून देते. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

या वाटणीत काय झाकले गेले हे पाहण्यासाठी साक्री सोडून कलकत्त्यास जावे लागते, कारण हे पदार्थ चीनहून थेट आपल्याकडे आलेले नाहीत. ते कलकत्त्याहून आले आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अची नावाचा एक चिनी व्यापारी बंगालमध्ये उतरला. वॉरन हेस्टिंग्जकडून त्याला बजबजजवळ जमीन मिळाली, तेथे त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना घातला. त्याच्या नावाचे अचीपूर हे गाव हुगळीच्या काठी आजही आहे. त्याच्यामागून निरनिराळ्या प्रांतांतले चिनी लोक आले. कँटनकडचे सुतारकामात शिरले, हुपेकडचे दातांचे वैद्य झाले. हक्का समाजाच्या लोकांनी तांग्रा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. चामड्याच्या धंद्याला आपल्याकडे विटाळ मानीत असल्यामुळे ती जागा त्यांना मोकळी मिळाली. आपल्या समाजरचनेने नाकारलेल्या कामातूनच या पाहुण्यांना पाय टेकायला जागा झाली, ही गोष्ट समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवण्यासारखी आहे. ‘पाहुणे’ हा शब्दही मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. ‘हक्का’ या शब्दाचा अर्थच ‘पाहुणी कुटुंबे’ असा आहे. चीनमध्येही हे लोक उत्तरेकडून दक्षिणेत येऊन वसलेले, म्हणून तेथील मूळच्या लोकांनी त्यांना ते नाव दिले. पाटीवरच्या ‘हाका नुडल्स’चे शब्दशः भाषांतर ‘पाहुण्यांच्या शेवया’ असे होईल.

आणि या पाहुण्यांचे १९६२ साली काय झाले? युद्ध सुरू झाल्यावर भारतातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून राजस्थानातील देवली येथील छावणीत नेण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे होती, लहान मुले होती, भारतातच जन्मलेले आणि चीन कधीही न पाहिलेले अनेकजण होते. काही कुटुंबे त्या छावणीत कित्येक वर्षे राहिली. सुटून आल्यावर अनेकांची घरे आणि दुकाने त्यांची राहिली नव्हती. पुष्कळजण पुढे देश सोडून गेले, कॅनडात मोठ्या संख्येने गेले. जे राहिले त्यांना इतर वाटा फारशा मोकळ्या नव्हत्या. त्यांतल्या अनेकांनी हॉटेले चालविली. म्हणजे ज्या काळात ‘चिनी’ हा शब्द आपण संशयाने उच्चारीत होतो, त्याच काळात त्या समाजातील माणसे आपल्यासाठी ‘चायनीज’ शिजवीत होती. हा इतिहास मला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोठे भेटला नाही. तो ‘हक्का’ या एका शब्दाचा अर्थ शोधताना भेटला.

मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावात त्यांचे लहानसे देऊळ आजही आहे आणि चर्चगेटचे ‘कामलिंग’ हे त्यांच्या जुन्या हॉटेलांपैकी एक नामांकित नाव. परंतु गाडीच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस १९७० च्या दशकात कलकत्त्याहून मुंबईस आला. त्याचे नाव नेल्सन वांग. चिनी आईबापांच्या पोटी कलकत्त्यात जन्मलेला हा तरुण मुंबईस आचारी म्हणून लागला. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात असताना कोणा ग्राहकाने मेनूवर नसलेले काहीतरी नवे मागितले, आणि वांग यांनी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळले. मग आले, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून तेलात परतली. येथवर सारे आपल्याच चुलीवरचे. यानंतर गरम मसाला पडायचा, त्या ठिकाणी त्यांनी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरच्या पाण्याने रस्सा दाट केला, आणि पदार्थाला नाव दिले ‘चिकन मंचुरियन’. ही हकीकत स्वतः वांग यांनी सांगितलेली म्हणून प्रसिद्ध आहे. मांचुरिया हा चीनचा ईशान्य भाग. तेथे या पदार्थाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. पुढे वांग यांनी मुंबईत ‘चायना गार्डन’ काढले. मंचुरियन मात्र त्यांच्या हातून केव्हाच सुटले होते. कोंबडी न खाणाऱ्यांसाठी कोणी फुलकोबी घातली, कोणी पत्ताकोबी-गाजराचे गोळे केले, आणि फिरत फिरत तो गोळा साक्रीस पोहोचला.

आता या पदार्थाचे व्याकरण पाहू. ‘मी बस कॅच केली आणि लेक्चर अटेंड केलं’ हे वाक्य घ्या. यातली महत्त्वाची सगळी नामे आणि धातू इंग्रजी आहेत. तरीही ते वाक्य मराठीच आहे, कारण क्रियापद शेवटी आहे, ‘केली’चे लिंग बसशी जुळते आहे, रचना आपली आहे. शब्द उसने घेता येतात, व्याकरण सहसा घेता येत नाही. मंचुरियन हे असेच वाक्य आहे. सोया सॉस, व्हिनेगर, कॉर्नफ्लोअर हे त्यातले परभाषीय शब्द; परंतु आधी तेल, मग आले-लसूण-मिरची, मग कांदा, मग रस्सा, मग त्यात तळलेला गोळा हा जो क्रम आहे तो भारतीय फोडणीच्या वाक्यरचनेचा आहे.

खानदेशात तर हे वाक्य आपल्या ओळखीचेच होते. आपल्याकडचे डुबुकवडे आठवा. उकळत्या, झणझणीत आमटीत बेसनाच्या भिजविलेल्या पिठाचे गोळे सोडायचे. पडताना ‘डुबुक’ असा आवाज होतो म्हणून ते डुबुकवडे. इतके प्रामाणिक ध्वन्यनुकारी नाव सबंध पाटीवर नाही. एक तळलेला गोळा आणि एक न तळलेला, एकाचा रस्सा सोया सॉसने काळसर आणि दुसऱ्याचा भाजलेल्या खोबऱ्याच्या काळ्या मसाल्याने, एवढा भेद सोडला तर रस्श्यात गोळा ही कल्पना तीच. माझे स्वतःचे मत विचाराल तर चवीत डुबुकवडे उजवे. पण ते गाडीवर मिळत नाहीत आणि ते खाऊ घालण्याचे निमंत्रण मित्रांना पाकिटातून देता येत नाही.

नूडल्सचेही तसेच. ‘चाऊमिन’ या शब्दातील ‘चाऊ’ म्हणजे परतलेले आणि ‘मिन’ म्हणजे शेवया. चीनमध्ये कणकेचा गोळा हातांनी ओढत ओढत त्याचे बारीक धागे करण्याची रीत आहे. त्या प्रकाराच्या नावातच ‘ओढणे’ हा धातू आहे. आपल्या घरांतून उन्हाळ्यात पाटावर हातशेवया ओढणाऱ्या बायकांना त्या रीतीत नवल वाटणार नाही. कुरडईने तर आणखी पुढची पायरी गाठलेली आहे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून त्याचा चीक काढायचा, तो मीठ घालून शिजवायचा आणि सोऱ्यातून पाडून कडक उन्हात वाळवायचा. ही कुरडई आपण तळून खातो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पावसाळ्यात भाजी नसली म्हणजे तीच कुरडई गरम पाण्यात भिजवून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून तिची भाजी करतात. गव्हाच्या मऊ शेवया, कांदा, तिखट, मोठ्या आचेवर परतणे. गाडीवाला जे हाका नुडल्स म्हणून देतो त्याची सख्खी बहीण आपल्या डब्यात बसून होती. तिला आपण ‘भाजी नाही म्हणून केलेली भाजी’ म्हणत आलो.

गाडीवरच्या कामात आमच्या घरच्या पद्धतीहून निराळे असे खरोखर काय आहे, तेही मी उभे राहून पाहिले. निराळी आहे ती आच. भट्टीचा आवाज इतका की मागणी ओरडून सांगावी लागते. भात आधी शिजवून पसरून गार केलेला असतो. गार भाताचे शीत घट्ट होते, म्हणून कढईत उडविले तरी ते मोडत नाही. कोबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात अर्धवट कच्चीच ठेवतात. आपल्याकडे भाजी ‘शिजली’ पाहिजे, येथे ती ‘वाजली’ पाहिजे. हा एक संस्कार मात्र चिनी स्वयंपाकाकडून, वाटेत बरेच काही सांडत, आपल्यापर्यंत खराच आलेला आहे.

पाटीवरचे दोन-तीन शब्द घाईने पाहू. ‘अमेरिकन चॉप्सी’ म्हणजे नावात अमेरिका आणि चीन दोन्ही असलेला पदार्थ. मूळ कँटनी शब्दाचा अर्थ ‘निरनिराळे तुकडे’, आणि त्याला प्रसिद्धी दिली अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी लोकांनी. आपल्याकडे त्यावर गोडूस लाल रस्सा घालतात. खानदेशी जिभेला तो मानवत नाही. ‘ट्रिपल शेजवान’मध्ये भात, नूडल्स आणि मंचुरियनचा रस्सा असे तिन्ही एका ताटलीत येतात, व्याकरणाच्या भाषेत हा समाहार द्वंद्व होय, मीठभाकरीच्या जातीचा, आणि बाकी काय काय त्यात समाविष्ट असते ते खाताना कळते. ‘चायनीज भेळ’ हा तर निव्वळ देशी शब्द मानावा लागेल. कुरमुऱ्यांच्या जागी तळलेल्या नूडल्स, चिंचेच्या पाण्याच्या जागी शेजवान चटणी. भेळ तीच. ‘आजिनोमोटो’ चिनी नाही, जपानी आहे. टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रस्श्यातील चवीचे मूळ द्रव्य वेगळे काढले. पुढे त्याचा जो माल निघाला त्याच्या नावाचाच अर्थ ‘चवीचे मूळ’. ‘डालडा’प्रमाणे हे व्यापारी नाव आपण सामान्यनाम करून टाकले. त्याची भीती १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पत्रानंतर जगभर पसरली. पुढच्या प्रयोगांत मात्र नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास त्रास होतोच असे सातत्याने आढळले नाही. गाडीवर चिंता करायचीच असेल तर ती पुन्हापुन्हा तापविलेल्या तेलाची आणि लाल रंगाची करावी.

शेजवान चटणीविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील ‘गोल्डन ड्रॅगन’ने १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात सिच्वानी जेवण भारतात आणले असे मानतात. त्या जेवणाची खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारे एक छोटे फळ. गाडीवरच्या शेजवान चटणीत ते नसते. असतात फक्त सुकी लाल मिरची आणि लसूण. परंतु त्या फळाचा जवळचा नातेवाईक कोकणात माशांच्या आमटीत घालतात. ते म्हणजे तिरफळ, दोन्ही एकाच कुळातली. म्हणजे जे ‘खरे’ सिच्वानी ते कोकणात आधीच होते, आणि ज्याला आपण शेजवान म्हणतो ती, नाव झाकून खाल्ली तर, खानदेशातील लसणाची लाल चटणी ठरेल. आणि मिरची तरी कोणाची? ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर भारतात आली आणि सिच्वानमध्येही तिकडूनच गेली. साडेपाचशे वर्षांपूर्वी खानदेशातही ती नव्हती आणि चीनमध्येही नव्हती.

येथे पुन्हा ‘खरे चायनीज’ या शब्दप्रयोगाकडे यावे लागते. व्याकरणात आपण तत्सम, तद्भव, देशी असे शब्दांचे वर्ग शिकतो. ‘हस्त’ तत्सम, ‘हात’ तद्भव. ‘हात’ हा शब्द खोटा आहे, खरा ‘हस्त’च, असे कोणी म्हणत नाही. मग नूडल्सच्या बाबतीत आपण तसे का म्हणतो? एकादशीला आपण काय खातो ते पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचाच, मिरचीचे आताच सांगितले. जवळजवळ सबंध फराळ समुद्रापलीकडून आलेला, आणि तरी तो इतका आपला झाला की देवालाही चालतो. चायनीज भेळेचे वय अजून लहान आहे, एवढेच.

हा प्रश्न मला पदार्थांपुरता वाटत नाही याचे कारण आमच्या घरात आहे. आजी अहिराणी बोलते. आई आमच्याशी ठरवून प्रमाण मराठी बोलते. शाळेत असताना ‘शाळा’ला ‘शाया’ म्हटले की वर्ग हसायचा, आणि ‘अशुद्ध बोलू नकोस’ हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात केली नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात ती भिल्ल भाषांबरोबर केली. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, गुजरातीशी तिचे नाते किती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ते असोत. परंतु अहिराणी ही बिघडलेली मराठी आहे असे कोणताही भाषाशास्त्रज्ञ म्हणत नाही. ते आपण म्हणतो, वर्गाच्या बाहेर आणि कधीकधी आतही. ‘खरे चायनीज नव्हे’ आणि ‘शुद्ध मराठी नव्हे’ ही दोन वाक्ये मला एकाच तोंडातून येणारी वाटतात. दोन्हींत मूळ कोठेतरी दूर, मोठ्या शहरात किंवा परदेशात असते, आणि साक्रीत जे असते ती त्याची उतरलेली नक्कल ठरते.

२०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्या संतप्त दिवसांत केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी खाद्यपदार्थांवर बहिष्कार घालावा, ते विकणारी हॉटेले बंद करावीत, अशी सूचना केली. संताप खरा होता आणि तो सर्वांनाच होता. परंतु भाषेने केलेली ‘चिनी’ आणि ‘चायनीज’ ही वाटणी त्या सूचनेत क्षणभर पुसली गेली, आणि पुसली गेल्यावर समोर दिसला तो कोण, तर गाडीवाला. इकडच्या गाडीवरचा कांदा आणि कोबी आपल्याच शेतांतला, भात आणि मैदा आपलाच, कढईपुढे उभा असलेला मुलगा कधी याच तालुक्यातला तर कधी नेपाळहून आलेला. चीनचे त्या गाडीवर जे काही होते ते म्हणजे पाटीवरचा ड्रॅगन, आणि तोही धुळे जिल्ह्यातल्याच कोणा पेंटरने काढलेला.

इकडून कॅनडात गेलेल्या कलकत्त्याच्या चिनी कुटुंबांनी टोरांटोच्या परिसरात हॉटेले काढली, आणि तेथे चिली चिकन, मंचुरियन हे पदार्थ ‘हक्का’ खाणे म्हणून विकले जातात. तेथे ते आवडीने खाणाऱ्यांत भारतातून गेलेली माणसे फार आहेत. तिकडे हीच चव त्यांना भारताची वाटते.

राहता राहिला लिंगविचार. ‘मंचुरियन’ निर्विवाद नपुंसकलिंगी ठरले आहे. त्याला अहिराणीचा प्रत्ययही सहज लागतो : ‘मंचुरियनले कितला टाइम शे?’ असे गाडीवर सर्रास ऐकू येते. ‘नूडल्स’चे मात्र अजून ठरत नाही. जे मनात ‘शेवया’ धरतात ते ‘नूडल्स केल्या’ म्हणतात. जे इंग्रजी शब्द थेट उचलतात ते ‘नूडल्स खाल्ले’ म्हणतात. मी वहीत खुणा करून पाहिल्या, तेव्हा वयस्क बोलणाऱ्यांत स्त्रीलिंग आणि माझ्या वयाच्या मुलांत पुल्लिंग अधिक, असे दिसू लागले. पण नोंदी थोड्या आहेत. आमच्या घरी आई ‘केल्या’ म्हणते, धाकटा भाऊ ‘खाल्ले’ म्हणतो. पुढच्या वर्षी या विषयावर कोणी काम करणार असेल तर वही द्यायला तयार आहे.